शितलचा ओटा, करिश्माची गॅलरी

पाहुण्यानं बाथरूम कुठं म्हणून विचारलं की कस्तुराबाई हातातलं काम न सोडता सांगायच्या, "शितलच्या ओट्यावरनं डावीकडं जावा. समृद्धीचा नळ जोरात सोडू नका." पाहुणा बुचकळ्यात पडायचा. दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या त्या वस्तीवर राहणारी माणसं दोनच, कस्तुराबाई आणि त्यांचा सदतीस वर्षांचा लेक म्हाळू. मग ही शितल कोण आणि समृद्धी कोण?

या सगळ्या म्हाळूला नकार दिलेल्या मुली. नकार देऊन त्या आपापल्या संसाराला लागल्या, नावं तेवढी याच्या घरात राहिली.

त्याचं असं झालं. म्हाळूची शेती तीन एकर, ऊस आणि थोडा झेंडू, शिवाय हातात गवंडीकाम. ओळंबा धरावा तर म्हाळूनं, असं आसपासच्या पाच गावांत म्हणत. पंचविसाव्या वर्षी त्यानं पाबळची समृद्धी बघितली. तिचे वडील घर बघायला आले, चहा प्याले आणि उठता उठता म्हणाले, "संडास परसात हाय. पोरगी शहरात शिकलेली हाय आमची." म्हाळूनं दोन महिन्यांत घरात संडास-बाथरूम बांधून छतापर्यंत फरशी चढवली. तोवर समृद्धीची हळद उतरली होती. पुढची शितल, शिरूरची. तिच्या आईला उभा ओटा पाहिजे होता. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा झाला आणि शितल हडपसरच्या फ्लॅटमध्ये गेली. शिक्रापूरच्या करिश्माला गॅलरी हवी होती. एकमजली घराला गॅलरी कुठून आणायची? म्हाळूनं वरचा मजला चढवला, तो केवळ गॅलरी टेकवायला.

असं करत करत सात नकारांत घर उभं राहिलं. "लोकांचं घर पगारातनं हुतं, माझं नकारातनं झालं," म्हाळू पारावर सांगायचा. "अजून दोघी न्हाई म्हणल्या तर लिफ्ट बसवतो." लोक हसायचे, पण त्यांच्या आधी तो हसायचा. दुसऱ्यानं हसण्याआधी आपणच हसून घेतलं की कमी लागतं, एवढी अक्कल त्याला आली होती. तरी लागायचंच. नव्या खोल्यांत तो कधी झोपला नाही. नवरी यायच्या आधी गादी मळायला नको म्हणून बारा वर्षं पडवीत खाट टाकून पडायचा.

विहिरीवर कलंडलेल्या बाभळीला सुगरणींची खोपी लोंबत. मोटार चालू केली की म्हाळू काठावर बसे आणि दुसरा उद्योग नसल्यानं वर बघत राही. कस्तुराबाई डोक्यावर पाटी घेऊन जाता जाता टोमणा मारायच्या, "बघ, बाईमाणूस कसं घर बांधतंय ते. तुलाच मेल्या बाईचं काम करावं लागतंय."

साऱ्या गावाची हीच समजूत होती, की खोपं विणते ती मादी. पण म्हाळू पडला गवंडी. बांधणारा कोण आणि बघायला आलेलं कोण, हे त्याच्यापासून किती दिवस लपणार? गवत चिरून आणणारा, विणणारा, आतून ओल्या मातीचा गिलावा थापणारा तो पिवळ्या डोक्याचा नर होता. खोपं अर्धं झालं की मातकट रंगाची मादी येई. नर खोप्याला उलटा लोंबकळून पंख फडफडवी आणि ओरडून ओरडून तिला बोलवी. ती आत शिरे, चोचीनं दोनचार काड्या ओढून बघे आणि बहुतेक वेळा उडून जाई. नर थोडा वेळ गप्प बसे. मग ते अर्धं खोपं तसंच सोडून शेजारच्या काटकीला नवी गाठ मारायला घेई.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा म्हाळू इतका हसला की तोल जाऊन विहिरीत पडायचा राहिला. "समृद्धी येऊन गेली जनू," तो त्या नराला म्हणाला. "आता ओटा घाल बाबा."

एक गोष्ट मात्र त्याला सोसेना. सगळ्यांत देखणं खोपं, एकसारख्या विणीचं, खोडाजवळच्या जाड फांदीवर रिकामं राहिलं. आणि विहिरीच्या मधोमध, पार टोकाच्या बारीक फांदीला एक गबाळं खोपं होतं. असलं काम आपल्या हातून झालं असतं तर म्हाळूनं गाव सोडलं असतं. मादीनं नेमकं तेच पसंत केलं. पुढच्या वर्षीही तसंच. मग त्याला उमगलं. त्या टोकाला साप पोचत नाही, खाली पाणी आहे. ती नुसतं विणकाम बघत नाही, आधी जागा बघते. म्हणजे आपण बारा वर्षं फरशा बसवत राहिलो, आणि पोरी फांदी बघूनच माघारी फिरत होत्या. वस्तीला ना एसटी, ना धड रस्ता, दवाखान्याला जायचं तर चार किलोमीटर चिखल. एवढं कळायला त्याला चारशे पोती सिमेंट लागलं होतं.

या श्रावणात जयसिंगमामांनी, म्हणजे कस्तुराबाईंच्या भावानं, आठवं स्थळ आणलं. न्हावऱ्याची सविता, वय चौतीस, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला, शिक्रापुरात खोली घेऊन एकटी राहणारी. पहिलं लग्न मोडलेलं. घर बघायला ती भावाला घेऊन स्वतःच येणार होती. "हे शेवटचं," मामा म्हणाले. "ह्याच्यापुढं मी कुनाच्या दारात जानार न्हाई. तू तोंड उघडू नको. इनोद तर अजिबात करू नको."

म्हाळूनं मान हलवली. मामांचा शब्द मोडू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. आतल्या आत त्याला माहीत होतं, ही पण गेली तर यापुढे हसायचं बळ आपल्यात उरणार नाही.

पण घात केला कस्तुराबाईंनी. पाहुणे टेकतात न टेकतात तोच त्या आतून ओरडल्या, "म्हाळू, करिश्माच्या गॅलरीत खुर्च्या टाक रं!"

"करिश्मा कोन?" सविताच्या भावानं, दत्तानं विचारलं.

मामांनी कपाळाला हात लावला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हाळूनं पाहुण्यांना साऱ्या घरातनं फिरवलं आणि कुठली खोली कुणाच्या नकारानं झाली ते सांगितलं. पीओपीच्या छताजवळ सविता हसली. अगदी मोकळं, ओढणी तोंडाला न लावता हसली. झालं, म्हाळूला चेव चढला. त्यानं खिडकीतून बाभळ दाखवली आणि सुगरणीची सगळी कथा लावली. "आमच्यात आन् त्या नरात काय बी फरक न्हाई बघा," तो म्हणाला.

सविताचं हसू मावळलं. "पुढचं म्हाइती हाय का?" तिनं विचारलं. "आमच्या विहिरीवर बी हायत. मादीला पसंत पडलं की नर खोपं पुरं करतो. ती अंडी घालती. आन् हा शेजारी दुसरीसाठी दुसरं बांधाया घेतो. पिल्लं हिच्या गळ्यात."

तिच्या पहिल्या नवऱ्यानं चाकणला दुसरा संसार थाटला होता, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी कप खाली ठेवला.

म्हाळूला पुढचं माहीत होतं. दरवर्षी तो ते डोळ्यांनी बघायचा. पारावर सांगताना तेवढं गाळायचा, कारण त्यात नराची कीव येत नाही. आज त्याला स्वतःची लाज वाटली.

"म्हाइती हाय," तो म्हणाला. "सांगायचं टाळलं. पन मला सात जणी न्हाई म्हणल्यात. एक जरी व्हय म्हणली तर मी थापी विहिरीत टाकीन. परत बांधायचा जीव न्हाई माझ्यात."

सवितानं खिडकीतून पुन्हा एकदा त्या बाभळीकडं बघितलं. मग म्हणाली, "मी नोकरी सोडनार न्हाई. हितं ऱ्हायला बी येनार न्हाई, सुट्टीला येईन. ऊस काय रोज पानी मागत न्हाई, तुमी येऊन-जाऊन करायचं. तुमचं घर मी बघितलं. आता गुरुवारी तुमी माझी खोली बघाया या. भिंतीला ओल हाय, आधीच सांगते. पसंत पडली तर बोला."

पाहुणे गेल्यावर मामा फक्त एवढंच म्हणाले, "उलटी गंगा वाहाया लागली," आणि टोपी घालून चालते झाले.

कस्तुराबाई ग्रॅनाइटच्या ओट्याला टेकून बसल्या. "एवढं घर बांधलंस आन् आता भाड्याच्या खोलीत जानार?" जायचं म्हाळूच्या मनात कधीच ठरलं होतं, त्याचीच त्याला शरम वाटत होती. मग त्याच पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "जा. बारा वर्सं तू पडवीत निजतोस, ते मला बघवत न्हाई. संपतची बायको ऱ्हाईल माझ्या सोबतीला." संपत म्हणजे शेजारच्या मळ्यातला.

गुरुवारी म्हाळू मोटरसायकलवर निघाला. थापी विहिरीत टाकीन म्हणालेला माणूस डिकीत थापी आणि वॉटरप्रूफ पावडरीची पिशवी घेऊनच निघाला होता. शिक्रापुरात चौकातल्या ट्रकांच्या गर्दीतून वाट काढताना त्याला स्वतःचंच हसू आलं. मुलगी बघायला चाललाय का गळती काढायला? आजवर आपण फक्त पसंत व्हायची वाट बघितली. आज पसंत करायची वेळ आली, तर त्याची रीतच ठाऊक नाही. खोली बघून काय बोलायचं असतं? नळ सोडून बघायचा असतो का? सात बापांनी आपल्या घरात काय काय बघितलं होतं ते तो आठवू लागला.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर तो पोचला तेव्हा सविता दारातच उभी होती. हात ओले, कपाळावर केस आलेले. म्हाळू चार पायऱ्या खालीच थांबला.

"पसंत हाय," तो म्हणाला.

"अवो, खोली तर बघा आधी."

"खोली बघाया कोन आलंय?" म्हाळू म्हणाला, आणि या वेळी तो हसला नाही.

सवितानं खाली मान घातली. मग दारातून बाजूला होत म्हणाली, "चपला भाईर काढा. फरशी आत्ताच पुसलीय."