पिवळी रांगोळी बरडीवर

माझ्या थोरल्या जावेचं काहीही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. हे मी लाजून सांगत नाही. काहींना सांधेदुखी असते, मला हे आहे. तिची दोन्ही मुलं गावातच राहिली आणि माझा एकुलता एक नोकरीसाठी नागपूरला गेला, मला एवढं कारण पुरेसं होतं.

वाटणीत मात्र मीच जिंकले होते. सासऱ्यांनी तलावाखालची धानाची बांधी आम्हाला दिली आणि अड्याळच्या रस्त्यालगतची बरड तिला. बांधीत पाणी टिकायचं, बरडीवर तूरसुद्धा रडतकढत यायची. रोवणीच्या दिवसांत मी बायांसमोर मुद्दाम टेंभा मिरवायची, "आमच्या बांधीले पाण्याची चिंताच नाही माय! गावात अशी जमीन दाखवा." जाऊ जवळपास असली तर जरा मोठ्यानेच.

आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. नगररचनेची माणसं गावात आली. पुढच्या वीस वर्षांत गाव कुठल्या बाजूला वाढावं, हे म्हणे गावानेच सांगायचं. शाळेच्या पटांगणात चुन्याने तलाव, रस्ता, गावठाण आणि भोवतालची शेतं आखली. बायांच्या हाती रांगोळी दिली. जिथे शेती ठेवायची तिथे हिरवी, जिथे घरं व्हावीत तिथे पिवळी.

माझा मुलगा त्याच दिवाळीत म्हणाला होता, घरापुरती जागा असेल तर आम्ही परत येतो. वाटणीनंतर आमच्याकडे दोन खोल्या उरल्या होत्या, त्यात आम्हीच कसेबसे मावत होतो. आमची बांधी पिवळी झाली तरच तिथे घराची परवानगी मिळणार होती. म्हणून मी पिवळ्या रांगोळीची वाटी आधीच हातात धरून बसले.

नगररचनेच्या माणसांतल्या मॅडमनी विचारलं, "घरांसाठी हलकी जमीन कोणती?"

साऱ्या बाया एकदमच जावेच्या बरडीकडे वळल्या. एक म्हातारी तर म्हणाली, "आन् हिच्या बांधीले हात नोका लावू. हे सोताच सांगते ना, गावात तशी जमीन नाही म्हून!" दुसरीने दुजोरा दिला, तिसरीने दाणा कसा असतो तेही सांगितलं. माझीच वाक्यं, माझ्याच ठसक्यात. कोणीतरी माझ्या हातातली वाटी घेतली आणि जावेची बरड पिवळीधमक करून टाकली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता तिच्या रस्त्यालगत घरं होणार, दिवे लागणार, आणि मी तलावाखाली बेडकं ऐकत बसणार! मी ताडकन उठले. "कायची चांगली? पाणी थांबतच नाही आता बांधीत. बांध सारे फुटून राहिले."

सभेत कधी तोंड न उघडणारी माझी जाऊ उठली. "काहून खोटं बोलून राहिली वं? त्या बांधीचा धान पाहून मी इतकी वर्षं जळून राहिली. मले नाही मालूम का, कशी हाय ते?"

सगळे हसले. तीही हसली. मला काही हसू आलं नाही. इतकी वर्षं ती माझ्यावर जळत होती आणि मला पत्ताच नव्हता! माहीत असतं तर किती सुखात राहिले असते मी. आणि बाईने बोलून कशी टाकली ती गोष्ट, चारचौघांत, पदर झटकावा तशी! मला तर नवऱ्याजवळही कधी बोलता आलं नव्हतं.

घरी येताना वाटेत ती म्हणाली, "पोराच्या घरासाठीच बोलत होती ना? मंग बांधू दे त्याले माया बरडीवर. तो का माया नाही?" नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

आराखडा मंजूर व्हायला फार वर्षं गेली, पण झाला. बरडीवर तिच्या मुलांनी घरं बांधली, त्यांच्याच रांगेत माझ्या मुलानेही. जाऊ तिकडेच राहायला गेली. मी मात्र जुन्या घरातच राहिले, तिच्या जागेवर जाऊन कोण राहील? मुलगा आला, सून आली, नातू आला. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

नातू शाळेतून आला की दप्तर तिच्या ओसरीवर टाकतो. तिला तो नुसतं 'आजी' म्हणतो. मी 'गावातली आजी'.