एका डब्यातले चार संगणक

तीन नोव्हेंबर, सोमवार. मागितलेली रक्कम चार लाख पंच्याऐंशी हजार, जीएसटी धरून. हजर तिघे: मी, माझे थोरले भागीदार आणि अकोल्याहून आलेला संगणकवाला. जागा आमच्या मलकापूरच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, ऑफिस.

आमच्याकडे चार जुने संगणक होते. एक वजनकाट्याचा, एक हिशोबाचा, एक मजुरांच्या हजेरीचा आणि एक रुईच्या गाठींच्या साठ्याचा. संगणकवाल्याचं म्हणणं, चारही काढा आणि एक मोठा सर्व्हर घ्या. त्याच्या पोटात चार संगणक वेगवेगळे चालतील, एका घरात चार बिऱ्हाडं राहतात तसे. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

"त्यातलं एक बंद पडलं तर?" मी विचारलं.

"बाकीची तीन चालू राहतात, भाऊ."

"आणि डबाच बंद पडला तर?"

तो हसला. "चांगल्या कंपनीचा डबा आहे, भाऊ. असा नाही पडत."

त्या हसण्यावर माझा भरवसा बसला नाही. मागच्या हंगामात काट्याचा संगणक जळाला आणि एका दिवसाची सगळी वजनं गेली. शेतकऱ्यांनी ज्या पावत्या आणल्या, त्यांवर पैसे द्यावे लागले. त्यातल्या दोन खऱ्या होत्या की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. तेव्हाच भागीदार म्हणाले होते, "पुढचं मशीन तुम्ही निवडा. पण पुन्हा हिशोब बुडाला तं तुमच्या हिश्श्यातून जाईन." ते थट्टेनं बोलले नव्हते, आणि माझं घर त्या हिश्श्यावरच चालतं.

म्हणून सही करण्याआधी सर्व्हर आठवडाभर वापरून पाहायला ठेवून घेतला. रोजची वजनं रात्री आपोआप वेगळ्या डिस्कवर उतरतील, असं संगणकवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं. आठवड्यानं तो आला तेव्हा मी डिस्क उघडायला लावली. एकाही दिवसाचं वजन उतरलेलं नव्हतं.

"काऊन हो," भागीदार म्हणाले, "रिकामा डबा विकून राह्यले काय आमाले?"

संगणकवाल्यानं पडद्यावरच्या नोंदी तपासल्या. "कॉपी रात्री दोनला सुरू होते. पण रात्री मशीन बंदच दिसतंय."

मला हा बहाणा वाटला. मी चौकीदार चाचांना बोलावलं.

"चाचा, रात्री मशीन कोणी बंद करतं का?"

"मीच करतो ना, साहब. गाठी बांधायची प्रेस थांबली का मेन स्विच खाली. कापसात करंट ठेवून झोपू का मी? एक ठिणगी पडली तं तुमचा सर्व्हर बी जाईन न गाठी बी."

हा नियम भागीदारांच्या वडिलांनीच घालून दिलेला. तो स्विच रोज आमच्यासमोर पडायचा आणि आम्हाला त्यात काही वेगळं दिसत नव्हतं.

संगणकवाल्यावरचा संशय मी एवढ्यापुरता मागे घेतला, सगळा नाही. "तुम्ही जिनिंगले मशीन विकायला आले," मी म्हणालो, "अन् जिनिंग रात्री काय करते हे विचारलं नाही."

मग अटी मी घातल्या. एक मोठा सर्व्हर नको, दोन लहान हवेत. एक ऑफिसात, दुसरा काट्याच्या खोलीत. प्रत्येक वजन दोन्हींत लगेच उतरलं पाहिजे. डिस्कवरची कॉपी संध्याकाळी, शेवटची गाडी गेल्यावर, आणि कॉपी झाल्याशिवाय मेन स्विच पडायचा नाही.

"मले फक्त झालं म्हना," चाचा म्हणाले. "पण लय उशीर नका लावू बरं. तुमच्या कंपनीसाठी स्विच काही रातभर थांबनार नाही."

दोन लहान सर्व्हर बसले, तरी मी कागदावर सही केली नाही. काट्यावर कापसाची गाडी उभी असताना ऑफिसातल्या सर्व्हरची वायर मी स्वतः उपटली. संगणकवाला "भाऊ, भाऊ" करत राहिला. काट्यावरचा शेतकरी मोताळ्याकडचा होता. आमच्याकडे पावती हातात पडल्याशिवाय कोणी गाडी हलवत नाही, त्यानंही हलवली नाही. मागे हॉर्न सुरू झाले.

"काऊन थांबलं हो?" त्यानं विचारलं.

"परीक्षा चालू आहे," भागीदार म्हणाले.

"कोणाची? माह्या कापसाची का तुमच्या काट्याची?"

संगणकवाला धावत काट्याच्या खोलीत गेला आणि काम दुसऱ्या सर्व्हरवर वळवायला बटणं दाबू लागला. आमच्यासाठी आलेला चहा निवत आला तेव्हा कुठे पावती निघाली. शेतकऱ्यानं ती उन्हात धरून वाचली, मग मी त्याच्या हातातून घेऊन वाचली. काट्यावरच्या आकड्याशी वजन जुळत होतं.

सौदा चार लाख चाळीस हजारांत ठरला. तीन लाख शहाण्णव हजार त्याच आठवड्यात अकोल्याच्या संगणकवाल्याला चेकनं दिले. चव्वेचाळीस हजार मी अडवून ठेवले. त्यानं दोनदा फोन केला, मी दोनदा नाही म्हणालो. हंगाम संपला, सगळी वजनं हिशोबाशी जुळली, त्यानंतर ते चव्वेचाळीस हजारही त्याच्याच खात्यात भरले.