जनू गेला आणि काहीच बंद पडलं नाही

जनू गेला त्या दिवशी आमची एकही साइट बंद पडली नाही.

आज त्याचा स्मृतिदिन. इतकी वर्षं झाली, तरी दरवर्षी मला आधी हेच आठवतं आणि लाज वाटते.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. आमचे मालक म्हणजे सर, स्वाती, जनू आणि मी. लोकांच्या वेबसाइट सांभाळायचो. वधू-वर मंडळं, क्लासचे निकाल, अर्नाळ्याकडच्या एका रिसॉर्टचं बुकिंग, जे मिळेल ते.

जनू म्हणजे जनार्दन. खाडीकाठच्या गावातला, घरची भातशेती. मी फुलपाड्याचा. दोघंही सिस्टिम अॅडमिन, म्हणजे काही बंद पडलं की बोलणी खाणारे.

तेव्हा सगळ्या साइटचं ट्रॅफिक आधी एकाच मशीनवर यायचं आणि ते मशीन मागच्या सर्व्हरना काम वाटून द्यायचं. लोड बॅलन्सर म्हणतात त्याला. ते हँग झालं की सगळंच ठप्प.

म्हणून आमच्यातला एक जण कायम ऑफिसात. माझ्या चुलतबहिणीचं लग्न असो की त्याच्या गावची जत्रा, एकाने जायचं आणि दुसऱ्याने मशीनसमोर बसायचं.

"आपन काय राखनदार आहोत काय ह्याचे?" जनू एकदा वैतागून म्हणाला.

आणि कामाला लागला.

त्याने दुसरं मशीन जुळवलं. दोघांत मिळून एकच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. बाहेरच्या जगाला तेवढाच माहीत. पहिलं मशीन दुसऱ्याला सारखं कळवत राहणार, मी आहे, मी आहे. ते गप्प झालं की दुसरं तो आयपी स्वतःकडे घेणार. साइट बघणाऱ्याला काही कळणारही नाही.

भर दुपारी सरांच्या डोळ्यांदेखत त्याने पहिल्या मशीनची वायर उपटली. सरांनी कपाळावर हात मारला. साइट चालूच.

आम्ही वडापाव मागवले.

पुढे लोडशेडिंगमध्ये एक दिवस दोन्ही मशीन एकदम बंद. इन्व्हर्टरचा पॉइंट एकच, म्हणून दोन्हींचे प्लग आम्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डला लावले होते आणि बोर्डच जळाला. सर तापले. जनू हसत सुटला.

"दोघं एकाच ताटात जेवत होते ना."

त्याने लगेच दुसऱ्या मशीनसाठी वेगळा यूपीएस आणून वेगळी वायर ओढली. नंतर मात्र दोन्ही मशीन एकदम कधीच बंद पडली नाहीत.

त्या गणपतीला आम्ही दोघं पहिल्यांदाच एकदम सुट्टीवर. मी कोकणात, तो त्याच्या घरी, ऑफिसला कुलूप. एकाही क्लायंटचा फोन नाही. परत आल्यावर जनूची ऐट बघण्यासारखी होती.

पुढच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. अंगावर काढला. लेप्टो निघाला. तोवर उशीर झाला होता.

तो गेला त्या सकाळी सरांचा फोन.

"दुपारी नेणार आहेत. मी आणि स्वाती जातो. तू ऑफिसला थांब, कोणीतरी हवं."

कोणीतरी कशाला हवं? कोणी थांबायला लागू नये म्हणून तर त्याने ते सगळं उभं केलं होतं. हे मी सरांना म्हणायला हवं होतं.

म्हणालो नाही. त्याला तसा बघायची माझी हिंमत नव्हती आणि सरांनी आयतं कारण दिलं होतं.

दिवसभर दोन्ही मशीनचे हिरवे दिवे बघत बसलो. काहीतरी बंद पडावं असं मनापासून वाटत होतं. माझं थांबणं कामी तरी आलं असतं.

काही पडलं नाही. लोक स्थळं बघत होते, रिसॉर्टच्या खोल्या बुक करत होते.

पुढच्या आठवड्यात एक नवा क्लायंट आला. त्याने विचारलं, तुमचा एखादा माणूस अचानक सोडून गेला तर आमच्या साइटचं काय?

"आमचा मेन माणूस गेल्या आठवड्यात वारला. एक सेकंद डाउनटाइम नाही."

हे सर बोलले असते तर आज त्यांना चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. बोललो मी. क्लायंट खूश झाला. काम मिळालं.

तेराव्याला जनूच्या घरी गेलो. त्याची आई पाणी घेऊन ओटीवर आली.

"तू त्याच्याबरोबरचा ना? त्या दिवशी दिसला नाय."

"ऑफिसात होतो, मावशी."

"हां. काम असतं."

माझ्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "मी सारखी म्हनायची, एक दिवस घरी थांब. तर म्हनायचा, मी नसलो तर तिकडे सगळं अडतं. आता तर लय अडत असेल ना तुमचं?"

मला वाटलं, ही संधी आहे. आपल्या पोराने केवढं काम करून ठेवलंय हे आईला कळलं पाहिजे.

"नाही मावशी," मी म्हणालो. "जनूने सगळं इतकं नीट लावून ठेवलंय ना, तो नाही हे कोणाला कळलंसुद्धा नाही."

त्या उठल्या.

"मंग बरं," म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत.

स्टेशनवर पोचेपर्यंत मला कळलंही नव्हतं की मी काय बोलून आलो.

परत जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. आता मावशीही नाहीत.

जनू, अडलं होतं रे. तुझ्या खुर्चीत कोणी बसलं की मी उठून बाहेर जायचो. तेवढं एक वाक्य तुझ्या आईला द्यायला मला जमलं नाही.

मावशी, माफ करा.

जनू, तुला मनापासून नमस्कार.