डाव्या हाताची नावं

ग्रंथालयाच्या संगणकखोलीत ताईंना कधी माउस लागला नाही. काळ्या पडद्यावर त्या लांबलचक आज्ञा अख्ख्या टाइप करायच्या. शॉर्टकट म्हणजे आळशांची सोय, असं त्यांचं मत.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मांडीवर झोपलेल्या लेकरासारखा पडून राहू लागला. सोमवारी साहेबांना काम करून दाखवायचं होतं. जमलं तर खुर्ची त्यांची, नाहीतर घरी बसायचं.

शनिवारी संध्याकाळी दादा आणि वहिनी त्यांना ग्रंथालयात घेऊन आले. एकेका लांब आज्ञेला ताई छोटं नाव देत होत्या. अट एकच, नावातली सगळी अक्षरं कीबोर्डच्या डाव्या बाजूची हवीत.

"डी-ए-डी-ए. दादा, तू बसलास!" ताई म्हणाल्या. त्या नावानं दिवसभराच्या फायलींची प्रत दुसऱ्या यंत्रावर जाणार होती. "लहानपणी माझं दप्तर उचलायचास, आता हे उचल."

"आणि मी?" वहिनी फुरंगटल्या. "वन्सं, माझी मेली बरीच अक्षरं उजवीकडे!"

"तू एंटर. तू हलल्याशिवाय हा जागचा उठतोय का?"

"ते मात्र खरं," दादा म्हणाले.

सोमवारी साहेब शेजारी खुर्ची ओढून बसले. ताईंनी 'दादा' टाइप करून डावाच हात लांबवून एंटर दाबलं. अशी आज्ञाच नाही, असं पडद्यानं सांगितलं.

ताईंनी अक्षरं पुन्हा तपासली. मग लक्षात आलं. नावं त्यांनी शनिवारी पडद्यावर उघडलेल्या खिडकीत नुसती सांगितली होती, कायमच्या फायलीत लिहून ठेवलीच नव्हती. खिडकी मिटली, नावंही गेली. जन्मात शॉर्टकट न केलेल्या माणसाचीच ही चूक.

"राहू द्या ताई, मी कुणाला तरी बोलावतो."

"जरा बसा. गप्प बसा म्हणणार होते, पण साहेब पडलात."

साहेब हसले आणि खरंच गप्प बसले. सेटिंगची फाइल उघडून ताई एका बोटानं अक्षर शोधत, दाबत, चुकत, पुसत राहिल्या. मध्येच साहेबांचा हात मदतीला पुढे आला आणि आपणहून मागे गेला.

नवी खिडकी उघडली. 'दादा' लिहून झालं. एंटर उरलं.

ताईंनी डाव्या हातानं उजवा हात उचलून कीबोर्डच्या कडेला ठेवला. करंगळी थरथरली, थांबली. मग कळ दबली.

पडद्यावर फायलींची नावं भराभर सरकू लागली.

"हलली बाई वहिनी," ताई पुटपुटल्या.

साहेबांना काही कळलं नाही. "उद्या नेहमीच्या वेळेला या," ते म्हणाले.