एकाच डब्यात वाहणारी नदी

रातोमिर व्लाश्कालिच म्हटलं तर सर्बियातल्या आमच्या नोवी सादमध्ये चार माणसांनीही मान वर केली नसती. पण खाली बेकरी आणि वर गेम बनवणारी कंपनी अशा त्या इमारतीत येऊन 'मिस्त्री कुठे आहेत' विचारलं, की बेकरीवाला पिठाचं बोट वरच्या मजल्याकडे करायचा. आमच्याकडे मिस्त्री हा किताब नळ बसवणाऱ्यालाही मिळतो, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच, की रातोमिरला हाक मारताना लोक आवाज जरा खाली आणत.

तो पोरवयात होता तेव्हा आमच्या रेडिओवर गेम लागायचे. गाणी लागतात तसे. निवेदक सांगायचा, आता टेप चालू करा, आणि मग काही मिनिटं नुसती खरखर आणि किंचाळी. ती कॅसेटवर धरायची, कॅसेट संगणकाला जोडायची, आणि नशीब असेल तर पडद्यावर गेम उमटायचा. रातोमिरच्या आईनं दोनदा रेडिओ दुरुस्तीला टाकला. पोरगं मात्र त्या किंचाळीतून एक गोष्ट शिकलं, ती म्हणजे यंत्र लहान असतं, त्याला पिळायचं असतं. पन्नाशी ओलांडली तरी त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे मात्र असं येत होतं, की बघणाऱ्यानं बघत राहावं.

टीव्हीला जोडून खेळायच्या ज्या दोन-तीन पेट्या तेव्हा बाजारात होत्या, त्यांतल्या एकीच्या कंपनीनं या बेकरीवरच्या मंडळींना पैसे दिले. अट एकच. गेम आमच्याच पेटीवर चालेल, दुसऱ्या कोणाच्या नाही. मंडळींनी ती पेटी आणून मधोमध ठेवली आणि तिला 'डबा' म्हणायला सुरुवात केली.

गेम होता एका म्हाताऱ्या नावाड्याचा. लढाईचा हिवाळा, दुनाव नदीचं पाणी हळूहळू गोठतंय, आणि म्हातारा अंधारातून माणसं पलीकडे पोचवतोय. भूक लागते, बर्फ नावेला धरतो, काठावर लांडगे फिरतात. नदी रंगवली तिहोमिरनं. हा आधी नाटकांचे पडदे रंगवायचा आणि पितळी आवाजात चावट गोष्टी सांगायचा. ती नदी वाहती केली रातोमिरनं. पहिल्यांदा ती पडद्यावर वाहिली, तेव्हा बेकरीवरच्या कंपनीची मालकीण सेंका हातातला तुपाळ पापुद्र्यांचा बुरेक खायची विसरली आणि तूप तिच्या बाहीत गेलं.

आता रातोमिरनं नेमकं काय केलं होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डबा सेकंदाला तीस चित्रं दाखवायचा. एक जास्त नाही, एक कमी नाही. रातोमिरनं घड्याळ फेकून दिलं आणि गेममधली प्रत्येक गोष्ट या चित्रांवर मोजली. एक चित्र म्हणजे एक ठोका. म्हाताऱ्याचा श्वास इतक्या ठोक्यांचा, लांडग्याची उडी इतक्या ठोक्यांची, भूक इतक्या ठोक्यांनी एक पायरी चढणार. त्यामुळे डब्याची घड्याळाची मेहनत वाचली, आणि ती सगळी मेहनत त्यानं पाण्यात घातली.

तिहोमिरनं एकदा विचारलंही होतं. "रातो, सरळ सेकंदात का नाही मोजत? उद्या दुसऱ्या पेटीवर न्यायची वेळ आली तर?"

"उद्या तुझ्या बायकोनं दुसरा नवरा केला तर? त्याच्या मापाच्या चपला आजच आणून ठेवल्यास का?"

सगळे हसले. तिहोमिर सगळ्यांत जास्त हसला, कारण त्याच्या बायकोनं खरोखरच तसं काही करायची चिन्हं होती.

मग एका उन्हाळ्यात पैसे देणाऱ्या कंपनीत वरची माणसं बदलली. नवीन पेटी निघणार होती, जुन्या डब्यासाठी आता कोणाला काही नको होतं. त्यांनी सभ्यपणे कळवलं, की गेम तुमचा तुम्हाला परत, कुठेही विका. सेंकानं सगळ्यांना गोळा केलं. ही चाळिशीची बाई, बोलायला फटाकडी.

"रडायचं काय त्यात? आता आपण कोणाच्या बापाचे नाही. हॅम्बुर्गचा प्रकाशक गेम घ्यायला तयार आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की येत्या वसंतात सगळ्या पेट्यांवर आणि संगणकावर एकाच दिवशी यायला हवा. मिस्त्री, होईल ना?"

"होईल हो. त्यात काय आहे?"

आमच्या गावात हा शब्द फार चालतो. रस्ता होईल, नळ होईल, पोरीचं लग्न होईल. म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याला खरंच वाटतं, की म्हटलं म्हणजे अर्धं काम झालं.

पहिली चाचणी एका दणकट संगणकावर झाली. तो सेकंदाला साठ चित्रं दाखवत होता. गेम सुरू झाला आणि म्हातारा नावेत उडी मारून बसला, वल्ही शिवणयंत्रासारखी चालली, नदी गटारासारखी धावली, आणि अर्ध्या वाटेत म्हातारा उपासमारीनं मेला. ऑफिसात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. रातोमिरही हसला. दुसऱ्या दिवशी एक दुबळी पेटी आणली. तिला वीस चित्रांच्या वर जमेना. तिच्यावर नदी जर्दाळूच्या मुरंब्यासारखी सरकली आणि लांडगा उडी मारून हवेतच राहिला. या वेळी हसणारे कमी होते.

रातोमिर दुरुस्तीला बसला. ठोके सेकंदांत बदलायचे, बस. लांडगा नीट केला तर नाव बुडायला लागली. नाव सावरली तर बर्फ धरेना. बर्फ धरला तर म्हाताऱ्याचा श्वास उलटा चालायला लागला, बाहेर सोडलेली वाफ परत नाकात. सगळं सगळ्याला बांधलेलं होतं. बांधणाराही तोच होता, आणि कुठली गाठ कुठे मारली हे त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. शरद ऋतू लागला तेव्हा त्याला कळून चुकलं, की हे वसंतापर्यंत होणारं काम नाही. दोन वर्षांतही होईल की नाही, सांगता येत नाही.

सेंका काही आंधळी नव्हती. एका दुपारी ती त्याच्या टेबलाशी येऊन बसली.

"मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका, पण विचारते. बाजारात गेम चालवणारं तयार इंजिन भाड्यानं मिळतं. सगळ्या पेट्यांवर चालतं. आत्ता घेतलं तर हातात अजून पैसे आहेत, तुमचा गाभा काढून गेम त्याच्यावर बसवू. नदी एवढी चांगली नसेल. पण असेल."

"तयार इंजिन? मग नदी पण तयारच आणा, बाटलीत भरून."

"तुम्ही नाही होत म्हणालात, तर आजच ठरवते. हो म्हणालात, तर मी हॅम्बुर्गला हो कळवते. मग मागे फिरता येणार नाही. या मजल्यावर पंचवीस माणसं आहेत, मिस्त्री."

रातोमिर पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर डब्यातली नदी वाहत होती, जशी वाहायला हवी तशी. "होईल," तो म्हणाला.

घरी त्याला झोप लागेना. बायको देसांकाला त्यानं सगळं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझं पाणी राहावं म्हणून तू त्यांना बुडवतोयस."

"सांगतो मी तिला."

"कधी?"

"जुर्जिचला येईल ना ती घरी. तेव्हा सांगतो."

जुर्जिच म्हणजे संत जॉर्जचा हिवाळ्यातला दिवस, व्लाश्कालिचांच्या कुळाचा सण. या दिवशी कोणाला आमंत्रण करायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दार उघडायचं असतं. घरधन्यानं दिवसभर बसायचं नाही, उभं राहून पाहुण्यांना वाढायचं. आणि या टेबलावर भांडण होत नाही. भावाभावांची कोर्टकचेरी चालू असली, तरी त्या दिवशी एकमेकांना भाकरी पुढे करतात.

सकाळपासून माणसं येत होती. मोठी मेणबत्ती जळत होती. प्रत्येकानं आल्या आल्या उकडलेल्या गोड गव्हाचा चमचा तोंडात घ्यायचा, छातीवर क्रॉसची खूण करायची आणि खुर्चीला चिकटायचं. संध्याकाळपर्यंत अख्खं ऑफिस टेबलाभोवती होतं. रातोमिर फळांच्या दारूची, राकियाची बाटली घेऊन उभा होता, पाय भरून आले होते. तिहोमिर पाद्री आणि गाढवाची गोष्ट सांगत होता, जी तो दर वर्षी सांगायचा आणि दर वर्षी गाढव थोडं मोठं व्हायचं.

सेंका सगळ्यांत शेवटी आली. गाल थंडीनं लाल झालेले, हातात वाइनची बाटली. गव्हाचा चमचा घेतला आणि बसली. रातोमिर तिच्या पेल्यात ओतायला वाकला. एवढीच जवळीक मिळणार होती. तो तिच्या कानाशी म्हणाला, "सेंका, होणार नाही."

"काय होणार नाही? वाइन उघडायची?"

"गेम. दुसऱ्या पेट्यांवर. ठोके सगळीकडे आहेत. मला सुटत नाहीत. तू तयार इंजिन घे."

तिचं हसू होतं तिथंच राहिलं. टेबलावर सगळे गाढवाला हसत होते.

"कधीपासून माहीत आहे?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"तू टेबलाशी आलीस त्याच्या आधीपासून."

"मी गुरुवारी सही केली, मिस्त्री. तुमच्या शब्दावर. इंजिनाचे पैसे आता नाहीत, ते पगाराला लागले."

ती उठून निघून गेली असती तर रातोमिरला बरं वाटलं असतं. ओरडली असती तर आणखी बरं. पण कुळाच्या टेबलावरून जेवल्याशिवाय उठणं म्हणजे घरधन्याच्या तोंडावर थुंकणं, आणि सेंका चांगल्या घरातली मुलगी होती. तेवढ्यात देसांका सारम्याचं पातेलं घेऊन आली. आंबवलेल्या कोबीच्या पानात मांस, वाफा निघत होत्या.

"अगं, एवढंसंच काय घेतलंस? अजून एक घालते."

"घाला, वहिनी," सेंका म्हणाली. आणि तिनं ते खाल्लं. मग आणखी एक घेतलं. तिहोमिरच्या पुढच्या गोष्टीला हसली. हसताना डोळे पुसले, तेव्हा तिहोमिरला वाटलं गोष्ट रंगली. निघताना तिनं रातोमिरचा हात हातात घेऊन रीतीप्रमाणे घराला आयुष्य आणि आरोग्य चिंतलं. दार लागल्यावर रातोमिर प्रथमच बसला.

सोमवारी सेंकानं निर्णय सांगितला, सगळ्यांसमोर, कोणाकडेही न बघता. ज्याचा वेग पेटीगणिक बदलतो, ते सगळं गेममधून काढायचं. लांडगे गेले. भूक गेली. नाव गेली. नदीचं काय करायचं, हे तिनं तिहोमिरला विचारलं, रातोमिरला नाही.

"गोठवतो," तिहोमिर म्हणाला. "बर्फ कुठल्याही पेटीवर सारखाच."

आणि त्यानं गोठवली. आपल्या हातानं, चांगली चकचकीत. वसंतात गेम सगळ्या पेट्यांवर एकाच दिवशी आला, शब्द पाळला म्हणायला हरकत नाही. म्हातारा नावाडी बर्फावरून चालत जातो आणि येतो. सगळीकडे सारख्याच वेगानं, कारण दुसरं काही हलतच नाही. कुठल्याशा परदेशी माणसानं लिहिलं, की यात एक विलक्षण शांतता आहे. विकत घेणारे बहुधा त्याच शांततेत झोपून गेले. प्रकाशकानं पुढचा हप्ता दिला नाही. उन्हाळा सरायच्या आत पंचवीस माणसं जिना उतरून गेली, काही बेल्ग्रेडला, काही घरी. तिहोमिर ऑस्ट्रियात लिंट्झला गेला. तिथे तो भिंती रंगवतो, एकाच रंगात. जाताना त्यानं रातोमिरला मिठी मारली, पण चपलांची आठवण काढली नाही, आणि ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

उरला डबा. तो दुकानात मिळतो तसला नव्हता. बनवणाऱ्यांसाठी वेगळा असतो, तो कंपनीचाच राहतो, आणि काम संपलं की परत द्यावा लागतो. वाहती नदी फक्त त्याच्यात होती. हिवाळ्याच्या तोंडावर कुरियरवाला आला त्या दुपारी ऑफिसात सेंका आणि रातोमिर दोघंच होते, आणि दोन टेबलं. रातोमिरनं डबा लावलेला होता.

"मिस्त्री, माणूस खाली उभा आहे."

"हो. म्हातारा मधोमध आहे. पलीकडे पोचला की देतो."

"किती वेळ लागेल?"

"वीस हजार ठोके."

"मिनिटांत सांगा."

मिनिटांत रातोमिरला खरंच सांगता येईना. सेंकानं खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. कितीतरी महिन्यांत ती त्याच्या शेजारी बसली नव्हती. दोघं बघत राहिले. पाणी काळं होतं, कडेला बर्फ धरत होता, वल्ह्यामागे लहान भोवरे होऊन विरत होते. नावेत एक बाई बसली होती, ती थंडीनं पाय आखडून घ्यायची आणि पुन्हा सोडायची.

"हे मी कधी नीट पाहिलंच नाही," सेंका म्हणाली. मग थोड्या वेळानं, तशाच आवाजात, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही हं, मिस्त्री."

"माहीत आहे."

कुरियरवाला धापा टाकत वर आला. "अहो, गाडी रस्त्यात आडवी लावलीय, खाली बेकरीवाला शिव्या देतोय. आहे का नाही माल?"

म्हातारा अजून काठापासून लांब होता. रातोमिरचे हात मांडीवर होते, ते तिथून उठेनात. सेंकानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, वाकली, आणि प्लग ओढला.

डबा खोक्यात घालताना चांगलाच गरम लागत होता. कुरियरवाल्यानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. "बरं आहे," तो म्हणाला, "गाडीतला हीटर बिघडलाय," आणि जिना उतरायला लागला.