वहिनीचं मनगट आणि दादाची लाज

मैत्रिणींनो, सायबर कॅफेत बसून लिहिते आहे, कारण दुपारपासून नुसती किळस येते आहे.

सकाळी नानाखेड्यातल्या घरी बादली उचलताना वहिनीचं मनगट मोडलं. वय फक्त सेहेचाळीस! दादाने आणि मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

एक्स-रे बघून त्यांनी विचारलं, "माहवारी कब बंद हुई?"

दादा उसळला, "साब, हाथ टूटा है, हाथ देखिए!"

वहिनीच म्हणाली, "अड़तीस की थी. बच्चेदानी और अंडाशय, दोनों निकाल दिए थे."

डॉक्टर म्हणाले, अंडाशय गेले की इस्ट्रोजेन जातं आणि हाडांतलं कॅल्शियम झपाट्याने कमी होतं. तेव्हाच तपासणी आणि औषधं सुरू व्हायला हवी होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर दादा म्हणतो, "आईला सांगा, रामघाटाच्या पायऱ्यांवर पाय घसरला. हे पाळीबिळीचं नको."

वहिनी म्हणाली, "बादली उचलताना मोडलं. आणि का मोडलं, तेही मीच सांगणार."

मला दादाची किळस आली, आणि आठ वर्षं गप्प बसलेल्या माझीही. "पाळी कधी बंद झाली?" हा डॉक्टरांचा प्रश्न तुमच्या घरात कुणी मोठ्याने विचारलाय का?