लाल कापडातली स्कूटर

डॉक्टरांनी चालणं कमी करा असं सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं. माझी शाळा खालापूरच्या बाजूला, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. चौथीपर्यंतची आणि एकशिक्षकी. म्हणजे शिकवणारी मी, घंटा वाजवणारी मी आणि फळ्यामागचे उंदीर हाकलणारीही मीच. बसने फाट्यावर उतरायचं आणि पुढे तंगडतोड. गुडघा सुजायला लागल्यावर लेक म्हणाली, स्वेच्छानिवृत्ती घे. मी म्हटलं, माझ्या जागी कुणी आलं नाही तर पोरांनी जायचं कुठे? यावर आमचं रोज फोनवर भांडण.

शेवटी लेकीनेच पुण्याहून घडीची इलेक्ट्रिक स्कूटर पाठवली. लहान मुलांच्या खेळण्यासारखी, उभं राहून चालवायची. छप्पन्नाव्या वर्षी पदर खोचून मी ती आमच्या दहिवलीतल्या गल्लीत शिकले. पहिल्या दिवशी शेजारणीच्या वाळत घातलेल्या पापडांवरून गेले. चौथ्या दिवशी मात्र झोकात वळण घेतलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पण ती फाट्यापर्यंत न्यायची कशी? बसमध्ये चढवायला गेले तर कंडक्टर दारातच आडवे.

"बाई, बॅटरीची गाडी आत चालायची नाय."

"कोंबड्या चालतात, फणस चालतात. परवा तर बोकड होता!"

"बोकड पेट घेत नाय, बाई."

मग कर्जतच्या एसटी स्टँडवर साहेबांशी भांडायला गेले. त्यांनी शांतपणे नियमाचा कागद पुढे केला: बॅटरीवर चालणारं वाहन, घडी घातलेलं असलं तरी, प्रवाशांसोबत नेता येणार नाही. मी तो दोनदा वाचला आणि तो मला पटला. भांडायला गेलेल्या माणसाला नियम पटावा, याच्यासारखी चिडचिड नाही.

तरीही मी चोरी केली. गणपतीला दोन दिवस होते. स्कूटर घडी घालून उभी केली, घरात सापडलेल्या एकुलत्या एक मोठ्या कापडात गुंडाळली आणि वर गाठ मारली. कापड लाल होतं. नवऱ्याने मान हलवत ती बसमध्ये चढवून दिली.

आत पाऊल टाकलं आणि कंडक्टर ओरडले, "सरका, सरका, बाप्पा हाय!"

घरी पाटावर बसेपर्यंत मूर्तीचं तोंड झाकून ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. सगळा जन्म रायगडात काढून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! पुढच्या सीटवरच्या आजी उठून उभ्या राहिल्या, मला खिडकीशी बसवलं. मागच्या आजोबांनी विचारलं, "मूर्ती कुटली?"

"पुण्याची," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

"पेण सोडून पुन्याची?" आजोबांना ते अजिबात आवडलं नाही.

इथवर मी निभावून नेलं. मग कंडक्टर तिकीट द्यायला आले आणि आधी वाकून त्यांनी कापडाला हात लावून कपाळाला लावला. तिथे खाली मागचं चाक होतं. नियम मोडणं एक वेळ पचवलं असतं, पण या माणसाची भक्ती फुकटात लाटणं जमेना.

"अहो, बाप्पा नाही," मी गाठ सोडली. "स्कूटर आहे."

मग आजोबा असे हसले की त्यांना ठसका लागला. कंडक्टर लालबुंद झाले. "फाटा आलाच हाय म्हनून उतरवत नाय," ते म्हणाले. "उद्यापासून नाय म्हंजे नाय." मी मान डोलावली. आता शाळा कायमची सुटली, असंच वाटलं मला, आणि डोळे भरून आले.

फाट्यावर माझ्याबरोबर त्या आजीही उतरल्या. "तिची ने-आन कशाला करता?" त्या म्हणाल्या. "ह्ये समोर आमचं घर. पडवीत ठेवा, थितंच चार्जिंग करा. सकाळी घ्या, सांजच्याला ठेवा."

इतकं सोपं होतं ते! मी म्हटलं, "तुम्ही मला ओळखत नाही, काही नाही..."

"वळखत नाय कशी? सा वर्सं रोज घराम्होरून जाता. आता लंगडता. हाक मारून बसवावं वाटतं, पन बाईंना उशीर हुईल म्हनून गप ऱ्हाते."

सहा वर्षांत मी त्या घराकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि तितकाच आनंद झाला. घड्याळात पाहिलं. घंटेला वीस मिनिटं होती आणि स्कूटरला दहा पुरे होती.

"चहा टाका," मी म्हणाले आणि पायरीवर बसले.